अपुऱ्या घराची पुरी साक्ष

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, नदीकाठच्या उंच कड्यावर नॅचेझ नावाचं गाव आहे. गावाबाहेरच्या झाडीत लाँगवुड हे अष्टकोनी घर उभं आहे. लांबून पाहिलं तर त्यात काही उणं वाटत नाही. विटांच्या जाड भिंती, त्यांना लागून दुमजली व्हरांडे, व्हरांड्यांना बारीक कातीव लाकूडकामाच्या कमानी आणि खांब, आणि सगळ्यांच्या डोक्यावर कांद्याच्या आकाराचा भलामोठा घुमट. तळघरापासून घुमटापर्यंत सहा पातळ्या आणि सुमारे 30,000 चौरस फूट क्षेत्र. अमेरिकेत आज उभ्या असलेल्या अष्टकोनी घरांमध्ये सर्वांत मोठं घर म्हणून त्याची ओळख आहे. पण तळघर सोडून वरच्या मजल्यावर पाऊल टाकलं की चित्र पालटतं. भिंतींना गिलावा नाही, विटा उघड्या. दारांच्या जागी नुसते मोकळे गाळे, वर कड्या आणि वासे तसेच दिसतात. मधल्या चौकात उभं राहून मान वर केली की एकावर एक रिकामे मजले आणि त्यांच्या वर घुमटाचा लाकडी सांगाडा. सुतारांची हत्यारं, रंगाचे डबे, सामानाची खोकी अजून तिथं आहेत. आराखड्यात 32 खोल्या होत्या, पुऱ्या झाल्या त्या तळघरातल्या फक्त 9. काम 1861 मध्ये थांबलं आणि पुन्हा कधी सुरू झालं नाही.

या घराची जी कथा सांगितली जाते ती ऐकायला गोड आहे. हॅलर नट नावाचा धनाढ्य कापूस-मळेवाला, त्याची पत्नी ज्युलिया, तिच्यासाठी काढलेला स्वप्नातला महाल, मग यादवी युद्धाचा घाला, पतीचा अकाली मृत्यू आणि तळघरात मुलाबाळांसह राहिलेली विधवा. गावानं घराला ‘नटचं खूळ’ असंही नाव ठेवलं. दोन्ही कथनांत घर अर्धवट राहण्याचं कारण घराबाहेर आहे: एकीत क्रूर दैव, दुसरीत मालकाचा विक्षिप्तपणा. मला ते कारण घराच्या बांधणीतच दिसतं. लाँगवुड ज्या चार गोष्टींवर उभं राहत होतं त्यांतली एकही घराच्या मालकाची स्वतःची नव्हती. आकार परक्या पुस्तकातला, कसब उत्तरेकडच्या कारागिरांचं, पैसा इंग्लंडच्या गिरण्यांवर अवलंबून आणि श्रम सक्तीनं घेतलेले. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या युद्धपूर्व हवेल्या स्थैर्याचा, खानदानीपणाचा आणि स्वयंपूर्णतेचा देखावा करतात. लाँगवुडचं काम मध्येच थांबलं म्हणून त्या देखाव्यामागची जुळणी उघडी राहिली. ‘बडा घर पोकळ वासा’ ही आपली म्हण इथं अक्षरशः डोळ्यांनी पाहता येते.

आधी माणूस आणि जागा. हॅलर नटचा जन्म 1816 चा. त्याचे वडील रश नट हे डॉक्टर, पण नाव झालं ते कापसामुळं. मेक्सिकोतल्या बियाण्यापासून तयार झालेला ‘पेटिट गल्फ’ हा वाण मिसिसिपीत रुजवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. या कापसाची बोंडं चांगली उमलत आणि वेचायला सोपी जात, त्यामुळं एका माणसाकडून दिवसाला जास्त कापूस वेचून घेता येई. शेतीतल्या सुधारणेचा फायदा वेचणाऱ्याच्या हाताला न मिळता वेचायला लावणाऱ्याच्या खात्यात जमा झाला. मुलानं वडिलांचा धंदा वाढवला. हॅलर नटची जमीन सुमारे 43,000 एकर आणि गुलामीत ठेवलेली माणसं सुमारे 800 होती, असे आकडे त्याच्या चरित्रात येतात. यातला फार मोठा भाग नदीपलीकडं, लुइझियानाच्या सखल गाळपेराच्या प्रदेशात होता. लाँगवुडच्या आवारात कापूस पिकत नव्हता. 1850 मध्ये घेतलेली ती गावालगतची राहण्याची जागा होती, बागबगिच्याची आणि पाहुण्यांची. नॅचेझच्या बहुतेक बड्या मळेवाल्यांची हीच रीत. पूर येणारी, मलेरिया-पीतज्वरानं भरलेली जमीन नदीपलीकडं, मुकादमाच्या हाती आणि घर इकडं, कड्यावरच्या हवेत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. म्हणून अशा घराचा अभ्यास दर्शनी खांबांपासून सुरू करणं चुकीचं ठरतं. घर आणि शेत यांच्यामध्ये मुद्दाम ठेवलेली नदी हा या वास्तुरचनेतला पहिला निर्णय आहे.

दुसरा निर्णय वास्तुविशारदाचा. नॅचेझमध्ये तोवर ग्रीक धर्तीच्या पांढऱ्या खांबांची चलती होती. डेव्हरो, मेलरोज, डनलीथ, स्टँटन हॉल ही घरं त्याच रांगेतली. नटला शेजाऱ्यांपेक्षा वेगळं काहीतरी हवं होतं. त्यानं फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल स्लोनला गाठलं. स्लोनच्या ‘द मॉडेल आर्किटेक्ट’ या 1850 च्या दशकातल्या नमुना-पुस्तकात पौर्वात्य थाटाच्या बंगल्याचा आराखडा होता, त्यावरून लाँगवुडची कल्पना निघाली. 1861 मध्ये स्लोननं पुढच्या पुस्तकात लाँगवुडचाच आराखडा छापला. म्हणजे घर पुरं होण्याआधीच ते नमुना म्हणून बाजारात आलं. या पौर्वात्य थाटाची वंशावळ भारतीय वाचकाला ओळखीची वाटेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस थॉमस आणि विल्यम डॅनियल या चित्रकारांनी हिंदुस्थानात फिरून इथल्या इमारतींची चित्रं काढली आणि इंग्लंडात छापली. त्यांच्या प्रभावातून ग्लॉस्टरशरमध्ये सेझिनकोट हा मोगली थाटाचा बंगला उभा राहिला. पुढं 1815 ते 1822 या काळात जॉन नॅशनं ब्रायटनचा राजवाडा कांदा-घुमटांनी सजवला. अमेरिकेत सर्कसवाल्या बार्नमनं 1848 मध्ये कनेक्टिकटमध्ये ‘इराणिस्तान’ नावाचा तसाच महाल बांधला, तो 1857 मध्ये जळाला. अशा नकलांच्या नकला होत होत तो घुमट मिसिसिपीत पोचला. दिल्ली-आग्र्याचा घुमट दगडविटांचा असतो, त्याचं ओझं भिंती आणि कमानी पेलतात आणि त्या पेलण्यातून त्याचं रूप ठरतं. लाँगवुडचा घुमट लाकडी सांगाड्यावर चढवलेला आहे. त्याला आतून वर पाहिलं की रूप आणि बांधणी यांचा एकमेकांशी किती थोडा संबंध आहे ते लगेच समजतं. घर पुरं झालं असतं तर ते कुणाला दिसलं नसतं.

याचा अर्थ लाँगवुड हे वाईट वास्तुशिल्प आहे असा मुळीच नाही. अष्टकोनाची निवड विचारपूर्वक होती. 1848 मध्ये ऑर्सन फाउलर या गृहस्थानं अष्टकोनी घराचा जोरदार पुरस्कार करणारं पुस्तक लिहिलं होतं आणि पुढच्या दहा वर्षांत उत्तर अमेरिकेत अशा घरांची लाटच आली. त्याचा हिशेब साधा आहे. 80 मीटर लांबीची भिंत बांधायची असेल तर चौरस घरात 400 चौरस मीटर जागा मिळते, त्याच लांबीच्या अष्टकोनात जवळजवळ 483. विटा तेवढ्याच, जागा पाचव्या हिश्शानं जास्त. फाउलरचा रोख सामान्य माणसाला स्वस्तात घर मिळावं यावर होता. स्लोननं त्या आकाराचा उपयोग हवेसाठी केला. प्रत्येक मजल्यावर मधोमध अष्टकोनी चौक आणि त्याच्याभोवती खोल्या. खोल्यांना एका अंगानं बाहेरची हवा, दुसऱ्या अंगानं चौक. चौक तळघरापासून थेट घुमटाखालच्या उंच भिंतीतल्या खिडक्यांपर्यंत मोकळा, म्हणजे तापलेली हवा वर चढून तिथून निघून जाणार आणि तिच्या जागी खालून गार हवा येणार. वरून येणारा उजेड आरशांनी परावर्तित करून खाली तळघरापर्यंत न्यायचा बेतही होता असं सांगतात. मिसिसिपीच्या दमट उन्हाळ्यात हे शहाणपणाचंच होतं. आपल्याकडच्या वाड्यांचे चौक पाहिलेल्या वाचकाला त्यातलं तत्त्व समजावून सांगायला नको. स्लोनच्या बुद्धीबद्दल म्हणूनच वाद नाही. प्रश्न असा आहे की ही बुद्धी प्रत्यक्षात उतरवायला जे लागत होतं ते नटच्या मुलखात होतं का.

नव्हतं. विटा तेवढ्या तिथल्या. लाँगवुडच्या लाखो विटा जागेवरच, नटच्या गुलामीतल्या माणसांनी पाडल्या आणि भाजल्या. माती मळणं, साच्यात दाबणं, सुकवणं, भट्टी रचणं, ती दिवसरात्र पेटती ठेवणं ही अंगमेहनत आणि अक्कल दोन्ही मागणारी कामं आहेत. आच कमी पडली तर वीट कच्ची राहते, जास्त झाली तर वेडीवाकडी होते. आज वरच्या मजल्यांवर गिलाव्याविना उघडी पडलेली भिंत दीडशे वर्षांनीही सरळ उभी आहे, यावरून त्या हातांचं कसब कळतं. पण सुतारकाम, नक्षीकाम, जिने, सजावट यांसाठी स्लोननं फिलाडेल्फियाहून कारागीर पाठवले, तयार लाकूडकामही तिकडूनच यायचं. कारण उघड होतं. मिसिसिपीत जमलेलं भांडवल पुन्हा जमिनीत आणि माणसांच्या खरेदीत जात होतं. कारखाने, कर्मशाळा, स्वतंत्र कारागिरांचा मोठा वर्ग उभा राहायला तिथं वावच उरला नव्हता. एप्रिल 1861 मध्ये युद्ध पेटलं. घुमटासकट बाहेरचं कवच त्या वर्षात बहुतेक पुरं झालं होतं. उत्तरेचे कारागीर घरी परतले आणि आतलं सगळं काम अडलं. नटनं स्थानिक आणि गुलाम कामगारांच्या हातून 1862 पर्यंत तळघर तेवढं राहण्याजोगं करून घेतलं. लाखो डॉलरचा धनी आपल्याच घरातला जिना बांधून घेऊ शकत नव्हता. उत्तर आणि दक्षिण यांच्यातल्या आर्थिक विषमतेवर पुस्तकांतून जे पानंच्या पानं लिहिलं जातं ते या एका अडलेल्या कामात दिसतं.

तिसरी गोष्ट पैशाची. 1860 च्या सुमारास अमेरिकेच्या एकूण निर्यातीच्या किमतीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता आणि लँकेशरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग अमेरिकेच्या दक्षिणेतून येत असे. मळेवाल्याची श्रीमंती रोकडीत क्वचितच असे. येत्या पिकावर अडत्याकडून उचल घ्यायची, त्यातून जमीन आणि माणसं घ्यायची, तीच माणसं तारण ठेवून पुन्हा कर्ज काढायचं, असं ते चक्र होतं. 1808 पासून आफ्रिकेतून माणसं आणायला कायद्यानं बंदी झाली, तेव्हा देशांतर्गत व्यापार फोफावला. यादवी युद्धापर्यंतच्या काही दशकांत सुमारे 10 लाख माणसं व्हर्जिनिया, मेरिलँडसारख्या जुन्या राज्यांतून कापसाच्या प्रदेशात हलवली गेली. काहींना मालक बरोबर घेऊन गेले, बाकीच्यांना बाजारात विकलं गेलं. नॅचेझच्या वेशीवरचा ‘फोर्क्स ऑफ द रोड’ हा त्यातला न्यू ऑर्लिन्सखालोखालचा मोठा बाजार. 1860 च्या खानेसुमारीत मिसिसिपीच्या 7,91,305 लोकसंख्येपैकी 4,36,631 माणसं गुलाम होती. अमेरिकेतल्या गुलामांची मिळून बाजारभावानं होणारी किंमत देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांच्या एकत्र किमतीहून जास्त होती, असं अर्थेतिहासकार दाखवतात. नटची संपत्ती या हिशेबातली. कापूस जहाजावर चढला तर ती होती, माणसं मालमत्ता मानली गेली तर ती होती. युद्धात नाकेबंदीनं पहिली अट मोडली, 1863 च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यानं दुसरी. त्यामुळं ‘युद्धानं घर अडवलं’ हे वाक्य अर्धं खरं आहे. युद्ध ज्या कारणासाठी पेटलं त्याच कारणावर घराचा पाया होता.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. नट हा संघराज्याच्या बाजूचा होता, दक्षिणेनं फुटून निघायला त्याचा विरोध होता. नॅचेझच्या परिसरात असे मळेवाले पुष्कळ होते. 1863 च्या व्हिक्सबर्ग मोहिमेत संघराज्याचा सेनापती ग्रँट याचं सैन्य लुइझियानातल्या त्याच्याच मळ्यांवरून गेलं, धान्य, गुरं, लाकूड, कापूस गेला, इमारती जळल्या. ज्यांची बाजू घेतली त्यांनीच लुटलं आणि जून 1864 मध्ये तो न्यूमोनियानं वारला, अवघ्या 48 व्या वर्षी. मग त्याला फुटीर दक्षिणेच्या पापाचा प्रतिनिधी का ठरवायचं? उत्तर असं की संघराज्यनिष्ठा आणि गुलामीविरोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॅचेझच्या अनेक धनिकांना फूट नको होती याचं एक कारण हेच की कर्ज, विमा, जहाजं, माल सगळं उत्तरेशी बांधलेलं होतं आणि गुलामी टिकवायची तर ती अमेरिकेच्या राज्यघटनेच्या छायेतच जास्त सुरक्षित आहे असा त्यांचा अंदाज होता. अंदाज व्यवहारी होता, नैतिक नव्हता. पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. ज्युलियानं आणि वारसांनी सरकारकडं नुकसानभरपाईचे दावे केले, ते कित्येक दशकं चालले, काही रकमा मिळाल्या आणि त्या दाव्यातल्या वकिलाच्या फीचा तंटा 1906 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नेलेल्या मालाचा हिशेब सरकारदरबारी इतका काटेकोर झाला. त्या मळ्यांवर आयुष्यभर बिनमजुरीनं राबलेल्यांच्या श्रमाची भरपाई मागण्याची सोय मात्र कोणत्याही कार्यालयात नव्हती. नटवर अन्याय झाला हे मान्य करूनही तो अन्याय कुठल्या मोठ्या अन्यायाच्या आत बसलेला होता हे विसरता येत नाही.

दुसरा आक्षेप कलाप्रेमींचा. जगातली कोणती मोठी इमारत निर्मळ पैशानं आणि राजीखुशीच्या श्रमानं उभी राहिली आहे? पिरॅमिड, कॅथीड्रल, राजवाडे, किल्ले, सगळीकडं वेठ आहे. मग वास्तुशिल्पाकडं वास्तुशिल्प म्हणून पाहावं, बाकीचं इतिहासाच्या पुस्तकात ठेवावं. हा आक्षेप नॅचेझच्या घरांना तरी लागू पडत नाही, कारण तिथं गुलामी आराखड्यातच आहे. मेलरोज हे नॅचेझमधलंच 1840 च्या दशकातलं घर, आज राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात. त्याच्या जेवणघरात टेबलावर छताला टांगलेला कोरीव महोगनीचा मोठा पंखा आहे. आपल्याकडं साहेबाच्या कचेरीत पंखेवाला दोरी ओढायचा, तोच प्रकार. जेवण चालू असताना एक गुलाम मूल किंवा माणूस कोपऱ्यात उभं राहून दोरी ओढी. तो पंखा, त्याची दोरी, दोरी ओढणाऱ्याची जागा, कुणी कुठून आत यायचं आणि कुठून दिसायचं नाही याची योजना, हे सारं वास्तुरचनेत मोडतं. हाक मारायच्या घंटा, मागचे जिने, वेगळं स्वयंपाकघर, आडोशाला ठेवलेली राहण्याची घरं, यांतलं काहीही काढून टाकलं तर ते घर चालत नाही. अशा घराचं सौंदर्य आणि त्याची व्यवस्था वेगळी करायला निघालेला रसिक खरं तर अर्धंच घर पाहत असतो. लाँगवुडमध्ये वरची सजावट झालीच नाही, त्यामुळं त्याला हे अर्धं पाहणं जमत नाही. तिथं नजरेला पडतात त्या विटा, आणि विटा पाडणारे हात आठवल्याशिवाय त्या विटांबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही.

तिसरा आक्षेप आपल्याला जवळचा आहे: मराठी वाचकानं दूरच्या मिसिसिपीला नावं ठेवणं सोपं, पण त्या कापसाच्या धाग्यात आपणही गुंतलेलो आहोत. हे अगदी खरं. ईस्ट इंडिया कंपनीनं 1840 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतून दहा कापूस बागायतदार हिंदुस्थानात आणले होते, त्यांतले काही मुंबई इलाख्यात भडोचला नेमले गेले. प्रयोग फारसा फळला नाही. पण 1861 मध्ये ज्या युद्धामुळं लाँगवुडचे सुतार हत्यारं टाकून निघाले त्याच युद्धातल्या नाकेबंदीनं मुंबईचं नशीब उघडलं. लँकेशरला कापूस हवा होता, अमेरिकेचा येत नव्हता, तेव्हा वऱ्हाड, खानदेश, गुजरात, धारवाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत बँका आणि कंपन्यांचं पीक आलं. बॅक बे भरणी कंपनीचा 5,000 रुपयांचा शेअर दसपटीच्या आसपास जाऊन पोचला. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेनं शरणागती पत्करली, भाव कोसळले आणि 1 जुलै 1865 च्या वायदेपूर्तीला मुंबईतले बडे बडे सावकार बुडाले. त्या तेजीच्या काळात प्रेमचंद रायचंदांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून पुढं राजाबाई टॉवर उभा राहिला, 1878 मध्ये तो पुरा झाला. म्हणजे जो कापूस थांबल्यामुळं नॅचेझचा घुमट रिकामा राहिला त्याच कापसाच्या टंचाईनं मुंबईचा घड्याळाचा मनोरा घडवला. हा दुवा कबूल केल्यानं माझा मुद्दा कमजोर होत नाही, उलट तो बळकट होतो. लाँगवुड ही एका सनकी मळेवाल्याची खासगी बाब उरत नाही. ते लिव्हरपूल, मुंबई, खामगावपर्यंत पसरलेल्या बाजाराचा एक गाठीचा बिंदू ठरतं. आणि मुंबईच्या इमारतींकडं पाहतानाही तोच प्रश्न विचारायची सवय आपल्याला लागायला हवी.

युद्धानंतरच्या नॅचेझची कथाही सहसा घरांच्या मालकांच्या अंगानं सांगितली जाते: वैभव गेलं, विधवा उरल्या, पडदे विरले. त्याच गावात त्याच काळात दुसरं काहीतरी घडत होतं. जुलै 1863 मध्ये संघराज्याचं सैन्य आलं, त्यापाठोपाठ मळ्यांवरून सुटलेली हजारो माणसं गावात आली आणि त्यांतले कितीतरी पुरुष सैन्यात भरती झाले. फोर्क्स ऑफ द रोडच्या बाजारातले माणसं कोंडायचे गाळे कृष्णवर्णी सैनिकांनी स्वतःच्या हातांनी पाडले आणि त्याचं लाकूड छावणीच्या बांधकामाला वापरलं. लाँगवुडचं बांधकाम थांबलेलं असताना गावात चाललेलं हे बांधकाम वास्तुशिल्पाच्या पुस्तकांत येत नाही, पण त्या दशकातली ती सर्वांत अर्थपूर्ण उभारणी म्हणायला हवी. डनलीथ या खांबांच्या हवेलीत घरगड्याचं काम करणारा गुलाम मुलगा जॉन रॉय लिंच 1872 मध्ये मिसिसिपीच्या विधानसभेचा सभापती झाला आणि 1873 मध्ये वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात जाऊन बसला, वय पंचविशीच्या जरा पुढं. त्याच 1873 साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामीच्या उच्चाटनासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. कापसाच्या तेजीतून मुंबईच्या सट्टेबाजांनी त्या युद्धाचा एक अर्थ काढला होता. फुल्यांनी दुसरा काढला. आपल्याकडं लाँगवुडसारख्या घराकडं पाहायला हा दुसरा चष्मा दीडशे वर्षं तयार आहे, तो आयात करण्याची गरज नाही.

आता जतनाचा प्रश्न. नॅचेझमध्ये 1932 पासून बागकाम मंडळांतल्या बायकांनी वसंत ऋतूतल्या घर-यात्रा सुरू केल्या. घेरदार झगे घालून त्या पाहुण्यांना घरं दाखवत. मंदीच्या वर्षांत त्या यात्रांनी बरीच घरं वाचवली, हे श्रेय द्यायलाच हवं. लाँगवुड 1969 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलं आणि 1970 मध्ये अशाच एका मंडळाकडं आलं, आहे त्या अर्धवट अवस्थेतच ते जपलं जातं. पण या यात्रांत बराच काळ दाखवली गेली ती झुंबरं आणि चांदीची भांडी, आणि राबणाऱ्यांचा उल्लेख आलाच तर ‘निष्ठावान नोकर’ म्हणून. मे 2025 मध्ये लुइझियानातली नॉटोवे ही 53,000 चौरस फुटांची प्रचंड हवेली आगीत खाक झाली, तेव्हा एकीकडं हळहळ आणि दुसरीकडं उघड आनंद, अशा दोन्ही प्रतिक्रिया उमटल्या. ती हवेली लग्नसमारंभांचं ठिकाण म्हणून चालवली जात होती. आनंद मानणाऱ्यांचा राग मला समजतो, पण निष्कर्ष पटत नाही. जळालेलं घर साक्ष देत नाही. त्याच राज्यात 2014 मध्ये उघडलेलं व्हिटनी प्लँटेशन हे संग्रहालय गुलामांच्या बाजूनंच सारी कथा सांगतं आणि तिथं लोक येतात. म्हणजे पाडणं आणि सजवणं यांच्यामध्ये तिसरी वाट आहे, आणि ती चालून दाखवलेली आहे.

लाँगवुडच्या बाबतीत ही वाट सोपी आहे, कारण पुरावा उघडाच आहे. अर्धवटपणाची मोहिनी विकण्याचा धोका मात्र तिथंही आहे. भग्नतेचं कौतुक करणाऱ्या पर्यटकाला रिकामे मजले गूढरम्य वाटतात, 2010 च्या सुमारास एका लोकप्रिय पिशाच-मालिकेनं हे घर बाहेरून वापरलंही. तो मोह टाळायचा तर मार्गदर्शनाचा क्रम उलटा करायला हवा. घुमटापासून खाली न येता विटेपासून वर जावं: माती कुणी मळली, भट्टी कुणी राखली, त्यांना कुठून विकत आणलं होतं, नदीपलीकडच्या मळ्यांवर कोण राहत होतं, सुटल्यावर ते कुठं गेले. स्लोन आणि नट यांच्यातला पत्रव्यवहार जपला गेला आहे, त्यावर पुस्तकही निघालं आहे. तितक्याच चिकाटीनं मालमत्तेच्या याद्या, मुक्तीनंतरच्या नोंदी, सैन्यभरतीचे कागद आणि त्या माणसांच्या वंशजांच्या आठवणी एकत्र आणणं हे जतनाचंच काम आहे, आणि घुमटाच्या डागडुजीइतकाच खर्च त्यावर व्हायला हवा. हे घर कुणी बांधलं, असं आज विचारलं तर पहिलं उत्तर मालकाचं मिळतं, दुसरं वास्तुविशारदाचं. दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. घराचे वरचे मजले कुणी पुरे करू नयेत, उत्तर मात्र पुरं करता येण्यासारखं आहे.